भंडारदरा, तीन दिवस: उजेड बघून आखलेली सहल

जुलैच्या पहिल्या आठवड्यात कागदावर चौदा नावं होती. कळसूबाई, रतनगड, सांदण दरी, रंधा, अंब्रेला फॉल, घाटघरचा कोकणकडा, अमृतेश्वराचं मंदिर, हरिश्चंद्रगड आणि आणखी सहा. दिवस तीन. माणसं चार, त्यातली दोन साठीच्या पुढची, एकाचा गुडघा दुखरा, आणि कॅमेरे दोन. ७ ते ९ ऑक्टोबर २०२५ अशी सहल झाली तेव्हा त्या चौदातली सहा ठिकाणं पाहून झाली होती आणि कुठेही धावपळ झाली नाही. आठ नावं कशी कापली, तेच आधी सांगतो. सहलीचं निम्मं काम त्या कापण्यात आहे.

नकाशा समोर ठेवला की भंडारदऱ्याची रचना सोपी वाटते. पूर्वेच्या टोकाला शेंडी गाव आणि प्रवरेवरचं विल्सन धरण (काम १९१० साली सुरू झालं, १९२६ साली पुरं झालं). भिंतीच्या मागे पश्चिमेकडे आर्थर लेकचं पाणी पसरलंय. पाण्याच्या शेवटाला रतनवाडी, तिच्या डोक्यावर रतनगड. त्याच्याही पुढे सह्याद्रीची धार आणि धारेपलीकडे थेट खाली कोकण. म्हणजे रतनगडाची गावाकडची बाजू पूर्वेला तोंड करून उभी आहे, तिच्यावर ऊन येतं ते सकाळी. घाटघरचा कडा पश्चिमेला तोंड करून आहे, तिथे उजेड संध्याकाळचा. भर दुपारी दोन्हीकडे फोटोला अर्थ नाही. तीन दिवसांत आपल्या हाती दोन पहाटा आणि दोन संध्याकाळी येतात, बस. त्या चार वेळा कुठे घालवायच्या ते आधी ठरवलं आणि उरलेली ठिकाणं दुपारच्या खात्यात टाकली. जे तिथेही बसेना ते कापलं. कळसूबाई (१६४६ मीटर) पहिल्याच फेरीत गेली: लोखंडी शिड्या, चढायलाच तीन-चार तास, आणि माथ्यावर पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं. हरिश्चंद्रगड हा स्वतंत्र मुक्कामाचा विषय आहे, तो या सहलीत कोंबू नये.

महिन्याबद्दल थोडं सविस्तर. जुलै-ऑगस्टात धबधबे भरात असतात, पण डोंगर दिसतीलच असं नाही. चार-चार दिवस ढग उतरून बसतो. मे-अखेर आणि जूनच्या सुरुवातीला काजव्यांसाठी गर्दी लोटते. फुलं, भाताची खाचरं, बारीक झालेले पण वाहते ओढे आणि अधूनमधून उघडणारं आभाळ हे सगळं एकत्र हवं असेल तर सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य. त्यात त्या वर्षी २२ सप्टेंबरला घटस्थापना आणि २ ऑक्टोबरला दसरा होता. नवरात्रात कळसूबाईच्या दर्शनाला बारी गावात मोठी रीघ लागते, त्यामुळे ते दिवस सोडले. ६ तारखेला कोजागिरी, त्या रात्री तळ्याकाठी तंबूवाल्यांची गर्दी होणार हे उघड होतं. म्हणून ७ ऑक्टोबरचा मंगळवार धरला. मधल्या वारी गेल्याचा फायदा पुढे पदोपदी जाणवला.

गाडी घरून न्यायची नाही हे ठरलं होतं, त्यामुळे सुरुवात रेल्वेपासून. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी, सकाळी ८ वाजता उघडतं. पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती, १ नोव्हेंबर २०२४ पासून ती कमी झाली. ७ ऑक्टोबरची तिकिटं ८ ऑगस्टला खुली झाली. त्या दिवशी पावणेआठला लॉगिन करून, चौघांची नावं आणि वयं आधीच 'मास्टर लिस्ट'मध्ये भरून ठेवली होती, म्हणून पाच मिनिटांत काम झालं. सकाळच्या तपोवन एक्स्प्रेसने कल्याण ते इगतपुरी, बसायचं आरक्षण, माणशी भाडं शंभराच्या आत. परतीचं तिकीट ९ तारखेचं, म्हणजे ते १० ऑगस्टला खुलं झालं. दोन दिवसांचा हा फरक ध्यानात ठेवा. जाण्याचं तिकीट काढून निर्धास्त झालेली माणसं परतीला वेटिंग लिस्टमध्ये अडकतात.

इगतपुरी ते शेंडी साधारण ४५ किलोमीटर, घोटी आणि बारीमार्गे. घोटीहून एसटी मिळते, पण पहाटे पाचला तळ्याकाठी किंवा रात्री सातनंतर घाटघरहून परत यायचं तर एसटीचा उपयोग नाही. जीप ठरवायला तीन जणांना फोन केले. तिसऱ्याशी जमलं: तीन दिवसांचे ९,६००, डिझेल धरून, चालकाचं जेवण आमच्याकडे. व्यवहार ठरल्यावर सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घेतलं: इगतपुरी स्टेशनवर पावणेनऊला हजर, दुसऱ्या दिवशी पहाटे लवकर निघायचं, घाटघरहून अंधार पडल्यावर परत, चालकाचा मुक्काम रतनवाडीतच. यातला शेवटचा मुद्दा राहून गेला तर चालक रात्री शेंडीला किंवा घरी जातो आणि पहाटेचा बेत त्याच्या हातात जातो.

मुक्काम कुठे करायचा, हा या सहलीतला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय. शेंडीत सोयी जास्त आहेत, सरकारी पर्यटक निवासही आहे. पण शेंडी ते रतनवाडी रस्ता जवळजवळ २० किलोमीटरचा, आणि पावसाळ्यानंतर त्याचे खड्डे बुजलेले नसतात. शेंडीत राहून सूर्योदयाला रतनगडासमोर पोचायचं तर साडेचारला निघावं लागतं, आणि वयस्क माणसं बरोबर असताना ते होत नाही. दोन्ही रात्री रतनवाडीत काढायच्या ठरल्या. गावात घरगुती राहण्याच्या सोयी आहेत. फोनवर चारच प्रश्न विचारा: जीप दारापर्यंत येते का, संडास घरालगत आहे का, वीज गेली तर चार्जिंगची काय सोय, आणि पहाटे पाचला चहा मिळेल का. आम्हाला माणशी दिवसाला १,२०० रुपयांत दोन वेळचं जेवण, नाश्ता, चहा आणि गाद्या असा दर पडला. आगाऊ निम्मे पैसे दिले. पाऊस झाला तर तारीख पुढे ढकलता येईल, पैसे परत मिळणार नाहीत, हे आधीच स्पष्ट बोलून घेतलं.

हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो (१९८६ साली घोषित, ३६१.७१ चौरस किलोमीटर). वनखात्याच्या नाक्यावर माणशी आणि गाडीची पावती फाडावी लागते. दर फलकावर लावलेला असतो. ती पावती तीनही दिवस गाडीच्या काचेमागे ठेवा, दुसऱ्या नाक्यावर पुन्हा विचारतात. हातातल्या कॅमेऱ्याला किंवा मोबाइलला कोणी अडवत नाही. व्यावसायिक चित्रीकरणाला आणि ड्रोनला वनखात्याची लेखी परवानगी लागते. आमच्यातल्या एकाला ड्रोन न्यायचा होता. अर्ज, पत्रव्यवहार, वाट पाहणं हे सगळं तीन दिवसांच्या हौसेसाठी नको म्हणून तो घरीच ठेवला. पक्ष्यांच्या दृष्टीने झालं ते बरंच झालं.

सामानात एक तिपाई, सोळा ते पन्नास मिलिमीटरची एक लेन्स आणि ७० ते २०० ची एक. चकाकी घालवणारा पोलरायझर फिल्टर एक, आणि लेन्समध्ये येणारा उजेड कमी करणारा आठ स्टॉपचा एनडी फिल्टर एक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). प्रत्येकी दोन बॅटऱ्या, सुती फडकी चार, आणि डब्यात सिलिका जेल. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, कारण कड्यावर वारा छत्री उलटवतो. बुटांचे तळवे घरी तपासा. ओल्या काळ्या कातळावर शेवाळ असतं आणि गुळगुळीत तळव्याचा महागडा बूटही तिथे घसरतो. नेहमीच्या वापरातले, खाचा खोल असलेले बूट न्या, कोरे करकरीत नकोत. चालायला प्रत्येकाला एक काठी. ती नेली नाहीत तर गावात बांबूची मिळते.

पहिला दिवस. इगतपुरीला गाडी वेळेवर, जीप हजर. घोटीत नाश्ता आणि रोख पैसे. पुढे रतनवाडीपर्यंत रोखीचाच व्यवहार धरून चाला, कारण मोबाइलची रेंज भरवशाची नाही. नकाशाही घोटीतच ऑफलाइन उतरवून घेतला. साडेदहाला बारी. इथे कळसूबाईच्या वाटेवर पायथ्याच्या मंदिरापर्यंतच जायचं होतं, रमतगमत पाऊण तास. वाट भातखाचरांच्या बांधावरून आणि मग सोपी चढण. बांधावर पाय टाकताना कडेला नको, मधोमध टाका. कडेची माती ओली असते, ढासळते, आणि नुकसान शेतकऱ्याचं होतं.

ही वेळ डोंगरांच्या फोटोंची नव्हे, म्हणून फुलं घेतली. सोनकी माळावर पिवळीधमक, तेरडा ओसरत आलेला, ओलसर जागी कवळा. भर उन्हात सोनकीचा फोटो घेतला की पिवळा रंग फाटतो, पाकळ्यांच्या रेषा दिसेनाशा होतात. कुणाला तरी सावली धरून उभं करा, एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) पाऊण स्टॉप खाली आणा. तेरड्याच्या गुलाबीचं तेच. वारा असतोच, त्यामुळे शटर १/५०० सेकंदापेक्षा संथ नको, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता) ४०० झाला तरी चालेल. मोबाइलवाल्यांनी फुलावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड दोन्ही लॉक करायचे, मग उजेडाची पट्टी थोडी खाली ओढायची.

शेंडीत जेवण, नाक्यावर पावती, साडेतीनला रतनवाडी. इथे एक गोष्ट घरी बसून नकाशावर कळत नाही. गावाच्या पश्चिमेला डोंगर असल्याने सूर्य मावळण्याच्या बराच आधी गाव सावलीत जातं. ७ ऑक्टोबरला सूर्यास्त सव्वासहाचा, पण पाच वाजून गेल्यावर रतनवाडीत ऊन नव्हतं. सूर्यास्ताचा फोटो इथे मागू नये. त्या संध्याकाळचा विषय पूर्वेला होता. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी चंद्र साडेसहाच्या सुमारास उगवतो, म्हणजे आभाळात अजून निळा उजेड असतानाच. चंद्र आणि तळं एकाच फोटोत नीट यायला हीच वीस-पंचवीस मिनिटं मिळतात. त्याच्या पुढच्या संध्याकाळी चंद्र आणखी उशिरा येतो, तोवर खाली काळोख झालेला असतो आणि फोटोत चंद्राचा नुसता पांढरा ठिपका उरतो. क्षितिजावर टेकड्या असल्याने दहा मिनिटं जास्त थांबावं लागलं. लेन्स २०० मिलिमीटरवर, तिचं छिद्र एफ/८, आयएसओ ४००, शटर १/६० पासून सुरू करून उजेड कमी होईल तसं आणखी संथ. चंद्रावर ढगाची पट्टी होती, ती हलली आणि पाण्यावर उजेडाची वाट उमटली. चौघांपैकी कुणीच काही बोललं नाही.

रात्री नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा. ज्यांच्या घरी उतरलो त्या मावशींना दुसऱ्या दिवसाचा बेत सांगितला. त्या म्हणाल्या, "घाटघरला ढग बसला असंल तर तिथंच थांबा, माघारी फिरू नका. तो बसतो तसा उठतोबी." ते शब्दशः खरं ठरलं.

दुसऱ्या दिवसाची पहाट वाया गेली. साडेपाचला पाण्याकाठी पोचलो तर दहा हातांवरचं दिसत नव्हतं. रतनगड धुक्यातून बाहेर आला तो नऊला. वाईट वाटलं, पण घरी आखणी करतानाच तिसऱ्या दिवसाची पहाट मोकळी ठेवली होती, त्यामुळे जिवाला घोर नव्हता. दोन पहाटा दोन वेगळ्या ठिकाणांना वाटल्या असत्या तर एक ठिकाण कायमचं गेलं असतं. डोंगरात मुख्य फोटोला दोन संधी ठेवा.

धुक्याने एक मात्र दिलं. अमृतेश्वराचं मंदिर शिलाहारांच्या काळातलं, सगळं दगडी कोरीवकाम. कडक उन्हात त्यावर काळ्या-पांढऱ्या चिरफळ्या दिसतात. धुक्यातला मऊ उजेड कोरीवकामाच्या खाचांमध्ये सारखा उतरतो. तासभर तिथेच गेला. पोलरायझर लावला तर ओल्या दगडाची चकाकी जाते आणि दगडाचा खरा रंग दिसतो. पुष्करणीत मात्र तो काढून ठेवा, नाहीतर पाण्यातलं प्रतिबिंबच पुसलं जातं. आत फोटो घेण्याआधी पुजाऱ्यांना किंवा तिथे असलेल्या गावकऱ्यांना विचारायचं, फ्लॅश लावायचा नाही आणि पूजा चालू असेल तर कॅमेरा खाली.

साडेनऊला रतनगडाच्या वाटेवर. गड १२९७ मीटर, वरच्या टप्प्यात शिड्या आहेत, तिथे जायचं नव्हतंच. वाट ओढ्याकाठाने सुरू होते आणि मग गर्द झाडीत शिरते. ओढा पुन्हा पुन्हा ओलांडावा लागतो. गावातला एक वाटाड्या अर्ध्या दिवसाला ८०० रुपयांत बरोबर घेतला होता. झाडीत फाटे फुटतात आणि पावसाळ्यानंतर गवत वाढून मळलेली वाट झाकली जाते, म्हणून सोप्या वाटेलाही माणूस हवा. ओढा ओलांडताना आधी काठी, मग पाय. पाण्याबाहेरच्या ओल्या दगडापेक्षा पाण्याखालचा खडबडीत दगड भरवशाचा. झाडाच्या फांदीला आधार म्हणून हात घालण्याआधी नीट बघा. हिरवा चापडा हा विषारी साप पानांच्या रंगात मिसळून बसलेला असतो. तासभर वर जाऊन, दुखऱ्या गुडघ्याने होकार दिला तेवढ्यावर थांबून परत.

ओढ्याच्या छोट्या धारा तिपाईवर घेतल्या: आयएसओ १००, एफ/११, पाव सेकंद. झाडीखाली अंधार असल्याने एनडी फिल्टर लागलाच नाही. अर्ध्या सेकंदाच्या पुढे गेलं की पाणी कापसासारखं होतं आणि त्याचा जोर जातो. मला पाव सेकंदच आवडतो. तिपाईचे पाय पाण्यात असतील तर वाहत्या पाण्याने ती थरथरते. मधल्या दांड्याला पाठीवरची पिशवी टांगा, म्हणजे ती स्थिर होते.

दुपारी झोप, आणि उठल्यावर सगळे फोटो दुसऱ्या कार्डावर उतरवले. अडीचला सांदण दरीजवळचं साम्रद गाव. सांदण दरीत पावसाळ्याचं पाणी उतरलेलं नसताना जायचं नाही. अरुंद घळ आहे, वर पाऊस झाला की खाली पाणी एकदम वाढतं. दरी पार करायला हिवाळ्यात कोरडी झाल्यावर या. आम्ही गावातून माळावरून चालत तोंडापर्यंत गेलो, वाट जवळजवळ सपाट. बरोबरच्या वाटाड्याने पुढे न्यायला नकार दिला, आणि आमचाही आग्रह नव्हता.

साडेचारला घाटघर. कड्यावर दाट ढग. रेलिंगपलीकडे नुसतं पांढरं. आणखी दोन गाड्या होत्या, दहा मिनिटं थांबून निघून गेल्या. आम्ही जीपमध्ये बसून चहा प्यायलो. सव्वापाचच्या सुमारास वारा खालून वर यायला लागला आणि ढग चिंध्या-चिंध्या होऊन उडाला. आधी अलंग-मदन-कुलंग या किल्ल्यांचे माथे, मग खालचं कोकण, मग सगळं परत गडप. असं तीनदा झालं. अशा वेळी स्वयंचलित मोजमापावर विसंबू नका. पांढऱ्या ढगाला कॅमेरा करडा करून टाकतो, म्हणून एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवायचं. ढग फाटून ऊन आलं की लगेच परत शून्यावर. तिपाई काढून ठेवली, हातात कॅमेरा घेऊन तयार राहिलो. बाहेर गार झालेला कॅमेरा उबदार जीपमध्ये आणला की लेन्सवर वाफ धरते. ती पुसत बसू नका, कॅमेरा दहा मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या. कड्याच्या कडेपासून चार पावलं आतच उभं राहायचं, गवत ओलं असतं आणि वाऱ्याच्या झोताचा अंदाज येत नाही.

सकाळची वेळ असती, ऊन पाठीवर आणि दरीत ढग असता, तर इथे इंद्रवज्र दिसण्याची शक्यता होती: ढगावर आपली सावली आणि तिच्याभोवती गोल इंद्रधनुष्य. ज्यांचा मुक्काम घाटघरकडे असेल त्यांनी पहाट तिथे घालवून बघावी.

तिसऱ्या दिवसाची पहाट स्वच्छ. सव्वासहाला कड्याची धार उजळायला लागली, साडेसहानंतर ऊन रतनगडावर उतरलं, आणि पश्चिमेला, डोंगराच्या वर, चंद्र अजून होता. आदल्या दिवशी धुकं नसतं तरी हा चंद्र त्या वेळेला डोंगराआड गेलेला असता. पाण्यावर वाफ तरंगत होती. इथे एक चूक झाली. पोलरायझर रुंद लेन्सवर तसाच राहिला आणि आभाळाचा एक भाग गडद, दुसरा फिका आला. सात-आठ फोटो गेल्यावर ध्यानात आलं. चोवीस मिलिमीटरपेक्षा रुंद लेन्सवर मोकळं आभाळ असेल तर तो काढूनच ठेवा. उजेडाचा फरक मोठा होता, तेव्हा प्रत्येक चौकटीचे तीन फोटो, एकेका स्टॉपच्या फरकाने. आठ वाजेपर्यंत उजेड कडक झाला आणि पिशव्या बंद केल्या.

परतताना शेंडीजवळ अंब्रेला फॉल बघायचा होता. तो धरणातून पाणी सोडलं तरच दिसतो, त्यामुळे जाण्याआधी गावात विचारा. त्या दिवशी पाणी सोडलेलं नव्हतं, पाच मिनिटांत पुढे निघालो. रंध्याला पाणी होतं. कठडे ओलांडून खालच्या खडकांवर उतरणारी मंडळी तिथे नेहमी दिसतात; ते करू नका, फोटो वरूनच चांगला येतो.

साडेपाचला इगतपुरी, संध्याकाळची गाडी पकडून घरी. हिशोब माणशी असा बसला: रेल्वे दोन्ही वेळा २०० च्या आत, जीप २,४००, मुक्काम आणि जेवण २,४००, वाटाड्या २००, पावत्या, चहा, नाश्ता मिळून साधारण ३००. साडेपाच हजारांच्या आसपास.

घरी आल्यावर कॅमेऱ्याची पिशवी रिकामी करून पंख्याखाली उघडी ठेवा, तिपाईचे पाय सगळे सांधे मोकळे करून पुसा. ओढ्याची बारीक रेती आत राहिली तर पुढच्या वेळी पेच फिरत नाहीत.